केळीच्या जिवावर ख्रिसमस ट्री : आमची वाटचाल

आमच्या टिशू कल्चर लॅबचं (झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवतो ती) वीजबिल आणि पगार केळी भरते, हे आधीच सांगून टाकतो. ग्रँड नैन या केळीच्या वाणाची रोपं हा आमचा धंदा. सूचिपर्णी झाडं हा माझा नाद, आणि आता कुठे तो आपला खर्च आपण काढू लागला आहे.

नादाला निमित्त झाले उरुळी कांचनकडचे नर्सरीवाले. बंगले, रिसॉर्ट यांच्या कामांना त्यांना अरॉकेरिया लागतो, म्हणजे आपण ख्रिसमस ट्री म्हणून विकत घेतो तो. त्याच्या बियांची उगवणशक्ती फार टिकत नाही. छाट कलम करावं तर आडव्या फांदीचा तुकडा मुळं धरतो, पण वाढतो आडवाच. कितीही वर्षं थांबा, तो फांदीच राहतो. सरळ झाड हवं तर मुख्य शेंड्याचाच तुकडा लागतो, आणि शेंडा झाडाला एकच. "मग टिशू कल्चर करून द्या की!" हे ओघानेच आलं.

केळीत मुनव्याचा (बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लाचा) गाभा एमएस मीडियावर, म्हणजे बाटलीतल्या पोषक खाद्यावर, टाकला की कोंबाला कोंब फुटत जातात. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तो मीडिया तयार केला तंबाखूच्या पेशींसाठी. बऱ्याच सूचिपर्णी झाडांना त्यातले क्षार, विशेषतः अमोनियम, झेपत नाहीत. त्यांच्यासाठी डीसीआर नावाचा मीडिया आहे. गुप्ता आणि डर्झन यांनी तो कॅलिफोर्नियात डग्लस फर आणि शुगर पाइनवर काम करताना १९८५ साली मांडला. यातले गुप्ता आधी आपल्या पुण्यातल्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. सागाच्या टिशू कल्चरवरच्या तिथल्या १९८० सालच्या शोधनिबंधावर त्यांचं नाव आहे. पुणेकराला एवढा अभिमान चालतो.

अरॉकेरियाच्या पानांच्या बेचक्यात तयार डोळा नसतो, नुसता काही पेशींचा पुंजका दडलेला असतो. शेंडा छाटला की तो जागा होतो आणि सरळ वर जाणारा कोंब देतो. आमचं सगळं काम या पुंजक्यावर चालतं. लॅमिनारवर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक टेबलावर, बसणाऱ्या आमच्या ताई केळीला सरावलेल्या. इथे ब्लेडला राळ चिकटते, तुकडा काळा पडतो, बाटल्या बदलत राहाव्या लागतात. कोंब येतात, मुळं रडवतात. त्यामुळे रोप केळीच्या कितीतरी पट महाग पडतं, आणि दर ऐकून फोन ठेवणारे आजही आहेत.

एक काम मात्र आम्ही घेत नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडचे जुन्या बंगल्यांचे मालक येतात आणि आवारातल्या म्हाताऱ्या झाडाची हुबेहूब नक्कल मागतात. सूचिपर्णी झाड वयात आलं की त्याच्या पेशी सहजासहजी मुळं धरत नाहीत. एनसीएलनेच वयात आलेल्या चीड पाइनच्या कळ्यांपासून रोपं मिळवल्याचं २००३ साली प्रसिद्ध केलं, पण त्या भरवशावर मी कुणाचा ॲडव्हान्स घेणार नाही. जगात मोठ्या प्रमाणावर चालतं ते दुसरंच तंत्र. कच्च्या, हिरव्या शंकूतल्या बीमधून कोवळा भ्रूण काढायचा, त्यापासून पांढरा, बुळबुळीत पेशीसमूह वाढवायचा आणि ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक देऊन त्यातून भ्रूणच भ्रूण पिकवायचे. नॉर्वे स्प्रूसमध्ये हे १९८५ साली जमलं, लॉबलॉली पाइनमध्ये १९८७ साली. शंकू योग्य अवस्थेत असतो जेमतेम काही आठवडे. पेशींचा नमुना उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि त्याच वाणाची रोपं रानात लावून पारखतात. झाड चांगलं निघालं असं कळेपर्यंत ते म्हातारं झालेलं असतं, नमुना मात्र कोवळाच राहतो. पण यात गुणाकार होतो तो बीचा, म्हणजे त्या झाडाच्या लेकराचा. बंगल्याच्या मालकांना हे पटवताना चहाचे दोन कप होतात.

गिऱ्हाइकांची एक तक्रार असते झाड झुकण्याची. नॉरफोक पाइन आणि कुक पाइन या अरॉकेरियाच्याच दोन जाती. नर्सरीत नॉरफोक पाइन म्हणून मिळणारं बरंचसं रोप खरं तर कुक पाइन असतं आणि कुक पाइन विषुववृत्ताकडे कलतं. पाच खंडांतली झाडं मोजून २०१७ साली हे प्रसिद्ध झालं आहे. आपल्याकडे ते दक्षिणेला झुकणार. यात लॅबचा हात नाही.

सध्या ऑर्डर आगाऊ घेतो आणि सेकंडरी हार्डनिंग (रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावण्याचा दुसरा टप्पा) झाल्याशिवाय रोप देत नाही. वाहतुकीत शेंडा मोडला तर फेकू नका, आमच्याकडे परत पाठवा. बदली रोप देतो, कारण मोडलेल्या शेंड्याखालून फुटणारे सरळ कोंब आम्हाला पुढच्या बॅचसाठी हवेच असतात.