झेब्रा कोणाचा?

एका रांगेत पाच घरं. रंग पाच, राहणारे पाच देशांचे, आणि प्रत्येकाचं पेय, सिगारेट, पाळीव प्राणी निराळा. इंग्रज लाल घरात राहतो, स्पॅनिश माणसाकडे कुत्रा आहे, हिरव्या घरात कॉफी पितात... अशी पंधरा विधानं आणि शेवटी दोन प्रश्न : पाणी कोण पितं? झेब्रा कोणाचा?

'लाइफ इंटरनॅशनल'च्या १७ डिसेंबर १९६२च्या अंकात हे कोडं छापून आलं. हल्ली ते 'आइनस्टाइननं लहानपणी रचलेलं, फक्त दोन टक्के लोकांना सुटणारं' असं बिरुद लावून मोबाइलवर फिरतं. त्यातली कूल सिगारेट बाजारात आली १९३३ साली, तेव्हा आइनस्टाइननं पन्नाशी ओलांडली होती! दोन टक्क्यांचं तर सोडूनच द्या. पेन्सिल, खोडरबर आणि मोकळी दुपार असली की झालं.

खरं तर मांडण्या २४८८ कोटींच्या वर होतात. पण पहिल्या दहा मिनिटांतच त्यांचा फडशा पडतो. नॉर्वेकर पहिल्या घरात, त्याच्या शेजारचं घर निळं. हिरवं घर हस्तिदंतीच्या लगेच उजवीकडे, म्हणजे त्या जोडीला डाव्या टोकाला जागा नाही. लाल इंग्रजानं अडवलेलं. नॉर्वेकराला उरलं पिवळं, आणि पिवळ्यात कूल ओढतात. मग तो पितो काय? चहा युक्रेनवाल्याचा, कॉफी हिरव्या घरातली, दूध मधल्या घरात, संत्र्याचा रस लकी स्ट्राइक सिगारेटवाल्याचा. बिचाऱ्याच्या वाट्याला पाणी.

इथे मी दर वेळी खूश होतो. पंधरा विधानांत पाण्याचा शब्दही नाही, तरी ते सापडलं. सगळं 'हे नव्हे, तेही नव्हे' करत. चौकटीत फुल्याच जास्त पडतात, बरोबरच्या खुणा मोजक्या.

झेब्रा मात्र घाम काढतो. हस्तिदंती घर मधलं धरलं, तर सारं बराच वेळ सुरळीत चालतं. इंग्रज शेवटच्या घरात रस पितो, युक्रेनवाला दुसऱ्या घरात चहा. आणि मग ओल्ड गोल्ड सिगारेट स्पॅनिश माणसाच्या गळ्यात येते. ती ओढणाऱ्याकडे गोगलगायी हव्यात, याच्याकडे तर कुत्रा! सगळी रांग खोडून पुन्हा मांडायची. हस्तिदंती चौथं, हिरवं पाचवं. त्यात जपानी माणूस, पार्लमेंट ओढणारा, कॉफी पिणारा. सगळे प्राणी वाटून झाले की झेब्रा त्याच्याच अंगणात उरतो.

माझ्या एका वकील मित्राला हे उत्तर मान्य नाही. "झेब्रा आहे असं पंधरा विधानांत कुठे म्हटलंय? पाचवा प्राणी मांजर का नसावं? हा प्रश्न नाही, साक्षीदाराच्या तोंडात घातलेलं उत्तर आहे." तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे, म्हणूनच मी त्याला कोडी घालत नाही.