तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, अजून आवरलेलं नाही

आमच्या गल्लीत सकाळी अकराच्या सुमाराला एकच प्रश्न फिरत असतो. "आवरलं का?" भाजीच्या गाड्यापाशी, फाटकात, दोरीवरचे कपडे काढता काढता. हा प्रश्न बायका बायकांना विचारतात. पुरुषाला विचारतात, "काय, सध्या काय चाललंय?" आणि उत्तराला न थांबता पुढे जातात. गेल्या वर्षी मी लेकीला सांभाळायला घरी राहायला लागलो तेव्हा पहिले पाच-सहा महिने मलाही तेच ऐकायला मिळायचं. मग एके दिवशी समोरच्या काकूंनी अगदी सहज विचारलं, "काय हो, आवरलं का?" त्या दिवसापासून मी या कामात कायम झालो असं समजतो.

आता काकू रोज विचारतात. मी रोज "हां, चाललंय" म्हणतो. आश्विनात तर सगळी गल्ली मलाच विचारते की काय असं वाटतं, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

आम्ही साताऱ्यात राहतो, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. तळमजला, पुढे हातभर अंगण. बायको कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. नऊला जाते, साडेसहाला येते. मी पाच-सात दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न बघतो. महिन्याच्या 11 आणि 20 या दोन तारखा सोडल्या तर त्या कामाला आरडाओरडा लागत नाही, रात्री नवानंतर बसलो तरी होतं. मधले साडेनऊ तास मी आणि आमची लेक. वय दोन वर्षं दोन महिने. घरात तिला ठकी म्हणतात.

ठकीला "नको" येतं, "मीच" येतं, "हे?" येतं. या तीन शब्दांवर तिचा संसार उत्तम चालतो.

तर आश्विन. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी "दसरा काढतात". बाहेरच्या माणसाला वाटेल, मिरवणूकबिरवणूक असेल. तसं काही नाही. घरातलं असेल नसेल तेवढं अंथरूण-पांघरूण, वाकळा (जुन्या कपड्यांच्या गोधड्या), पडदे, पायपुसणी धुवायची, जळमटं काढायची, डबे घासून पालथे घालायचे, म्हणजे दसरा काढायचा. मी लहान असताना गावाकडे वाकळा बैलगाडीत घालून ओढ्यावर न्यायचे आणि दगडावर आपटायचे. आता टबात घालून पायाने तुडवतो. 2025 ला घटस्थापना होती 22 सप्टेंबरला आणि पाऊस तर हटायला तयार नव्हता. दोन वाकळा वाळायला चार दिवस लागले. ऊन पडलं की बाहेर, थेंब आला की आत. माझी आई नवरात्रासाठी गावाहून आली होती, ती आणि मी एकेक टोक धरून पळायचो आणि ठकी मधून पळायची.

तिसऱ्या दिवशी जरा बरं ऊन होतं. वाकळ कंपाउंडच्या भिंतीवर टाकली, तर खाली लोंबत्या टोकाचा तंबू झाला. ठकी आत शिरली. "बाहेर ये गं, ओलं आहे." "नको." मग तिला काढायला मी आत शिरलो. आणि दोघं बराच वेळ का बाहेर येत नाहीत ते बघायला आई वाकली, तीही आत आली.

ओल्या वाकळेच्या आत उन्हाचा उजेड कसा येतो हे मी पस्तीस वर्षांत विसरलो होतो. प्रत्येक तुकड्याचा वेगळा उजेड. ठकीने एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हे?" आई म्हणाली, "हे तुझ्या पणजीचं लुगडं." बोट पुढे. "हे?" "हा तुझ्या बाबाचा शाळेचा सदरा." "हे?" "ही मी तुझ्या आत्याच्या बारशाला नेसलेली." एका तुकड्याशी आई थांबली. कुणाचा ते तिला आठवेना. ठकीने बोट काढलंच नाही. "हे? हे?" शेवटी आईने थोरल्या मावशीचं नाव घेऊन ती वेळ निभावली, पण संध्याकाळी भाकरी थापताना मला हळूच म्हणाली, "मावशीचा नव्हता रे तो."

डबे त्या दिवशी राहिलेच. काकू फाटकातून हाका मारत होत्या, "आवरलं का हो?" आणि आम्ही तिघंही वाकळेच्या आत.

घट बसले. परडीत शेतातली काळी माती, तीत गहू, ज्वारी, हरभरा असं सात धान्य पेरायचं, वर पाण्याने भरलेलं मातीचं मडकं ठेवायचं. मडकं पाझरतं, माती ओली राहते, रोज एक माळ वर चढते. रोप अंधारातलं, म्हणून हिरवं होत नाही, पिवळसर येतं. चौथ्या दिवशी ते बोटभर झालं होतं. मी कुकर लावायला आत गेलो. तीन शिट्ट्या होईपर्यंत बाहेर काही आवाज नव्हता. दोन वर्षांचं पोर घरात असताना शांतता असली तर पळत यावं, हे मला तोवर कळायला हवं होतं. ठकी देवघरापुढे मांडी घालून बसलेली, आणि एकेक रोप उपटून ओळीने फरशीवर मांडलेलं. अगदी नीट. आमच्या घरात त्या दिवशी एवढंच आवरलेलं होतं.

मला वाटलं आता आई चिडणार. आईने मूठभर धान्य परत पेरलं, वर माती ओढली आणि म्हणाली, "यंदा नवरात्र दहा दिवसांचं आहे. येतंय तोवर." खरंच, 2025 ला एक तिथी वाढली होती, त्यामुळे एक माळही जास्त. आई पंचांग असं वापरते.

उरलेलं धान्य वाटीत होतं. ती वाटी मी वर ठेवली नाही, ही माझी चूक. पुढचं सांगायला आता हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. दुपारी ठकी नाक चोळत आली आणि म्हणाली, "हे." नाकपुडीत हरभरा. पहिल्यांदा हात गेला तो पिन शोधायला. आईने तो मागे ओढला. हरभरा भिजला की फुगतो हे उसळ करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही, आणि कोरायला जावं तर तो आणखी वर सरकतो. दोघांनी तिला रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी चिमटा काढलाच नाही. मला म्हणाले, "तुम्ही बाबा ना? तिला मांडीवर घ्या, मोकळी नाकपुडी बोटाने दाबा, तिच्या तोंडाला तोंड लावा आणि एकदाच जोरात फुंकर मारा." मला वाटलं चेष्टा करतायत. पण ही खरीच रीत आहे. आपली हवा तिच्या तोंडातून वर जाते आणि अडकलेल्या नाकपुडीतून बाहेर पडते. बहुतेक वेळा आईकडून करवून घेतात. मी फुंकलं. हरभरा सुटला तो थेट माझ्या गालावर. ठकी खदखदून हसली आणि म्हणाली, "मीच!" म्हणजे आता ती करणार. दुसरा हरभरा मिळाला असता तर तिने केलंही असतं.

त्या दिवसापासून मी सीताफळाच्या बिया स्वतः काढतो. हा सीताफळाचा मोसम, आणि आई गावाहून येताना पिशवीभर घेऊन आली होती, तांदळाच्या डब्यात पिकायला घातलेली. एका फळातला गर बिया काढून वाटीत काढायला मला वीस मिनिटं लागतात, ठकीला ती वाटी संपवायला दोन. दिवसभर काय करता असं कुणी खोदून विचारलं तर हे सांगावं. पण सांगत नाही. भाव मिळणार नाही.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडून पूजायची. आमच्या वडिलांच्या वेळी विळे, कोयता, पाभर असायची. मी लॅपटॉप, कॅल्क्युलेटर आणि विळी मांडली. बायकोने खडूची पेटी ठेवली. ठकी आत गेली आणि आपलं हत्यार घेऊन आली: निळ्या प्लॅस्टिकचं शीचं भांडं. महिनाभर आम्ही तिला त्यावर बसायला शिकवत होतो, त्यामुळे त्या वस्तूचं घरातलं वजन तिने बरोबर ओळखलं होतं. ते पाटावर ठेवायचं की नाही यावर थोडा वेळ चर्चा झाली. शेवटी धुऊन, पाटाच्या शेजारी, जमिनीवर ठेवलं आणि एक झेंडूचं फूल वाहिलं. आई बोलली नाही काही, पण आरती जरा लवकर संपवली.

दसऱ्याचं सोनं ठकीने गल्लीभर वाटलं. वाटलं म्हणजे द्यायची, समोरच्याने हातात घेतलं की परत मागायची. एकाच पानावर तिने सात घरं केली. (बाजारात आपट्याच्या नावाने पुष्कळदा कांचनाच्या फांद्या मिळतात, बघितलंय का? आपट्याचं पान लहान, जाड आणि खरखरीत असतं. ठकीला फरक पडला नाही, मला पडतो.)

आणि मग ते ऊन. पाऊस गेला, आभाळ उघडलं, जमीन मात्र अजून ओली, त्यामुळे चुलीवर झाकण ठेवल्यासारखं होतं. सगळे त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात, आमची आई "आश्विनाचं ऊन" म्हणते. ठकीच्या मानेवर घामोळ्या उठतात आणि दुपारची झोप मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत एक-दोन वर्षांच्या मुलांनी दिवसातून 180 मिनिटं तरी हालचाल करावी आणि दुपारची धरून 11 ते 14 तास झोपावं असं आहे. हालचालीची 180 मिनिटं आमची आंघोळीच्या आत होतात. झोपेचे तास आम्ही अजून जमवतोय. वीज गेली की मी तिला अंगणात पायरीवर घेऊन बसतो. या दिवसांत थंडीचे पाहुणे यायला लागतात. एक धोबी पक्षी रोज नळापाशी येतो, शेपटी खालीवर करत. ठकी त्याला बोट दाखवून विचारते, "आवलं?" काकूंचा प्रश्न. तो शेपटी हलवतो. तिला बहुधा ते "हो" वाटतं.

"आवरणं" या शब्दाची गंमत मला या वर्षी कळली. पसारा आवरतात, तसाच हातही आवरतात, तोंड आवरतात, रागही आवरतात. ठकीला मी दिवसातून वीसदा "हात आवर" म्हणतो. ती आवरत नाही. मी डबा भरतो, ती ओतते. मी घड्या घालतो, ती घडीवर बसते. सुरुवातीला मी तिच्या झोपेवर डोळा ठेवून असायचो, झोपली की उरकून टाकू म्हणून. मग झोपायला उशीर झाला की तिचाच राग यायचा, आणि तो आवरताना माझा जीव जायचा. आता घेवडा सोलायचा तर तिच्यासमोरच सोलतो. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, दाण्यावर वाघासारखे पट्टे. ती एक शेंग घेते, दहा मिनिटं फोडते, दाणा बाहेर आला की "वाघ!" म्हणून ओरडते. मी तिच्या नाकाकडे बघत बसतो. अर्धा किलोला पाऊण तास. पूर्वी वीस मिनिटांत व्हायचा.

कोजागिरीला, 6 ऑक्टोबरला, आईने दोन पाट मांडले. त्या रात्री घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, आमच्याकडे त्याला "आश्विनी करणं" म्हणतात. आईचा थोरला मी, आणि आमची थोरली ठकी. म्हणजे एका पाटावर डोक्याला टोपी घातलेला अडतीस वर्षांचा मी आणि शेजारच्या पाटावर नवा फ्रॉक. बाहेर दूध आटत होतं, बायको चारोळ्या निवडत होती. आईने निरांजन लावलं, ताम्हण आधी ठकीपुढे आणलं, आणि ठकीने फुंकर मारली.

दोन महिन्यांपूर्वी तिचा वाढदिवस झाला होता. ज्योत तोंडापुढे आली की फुंकायची, टाळ्या वाजतात, केक मिळतो, एवढं तिला पाठ. आईने परत लावलं. ठकीने परत फुंकलं. आणि दोन्ही वेळा आमच्या सगळ्यांकडे वळून टाळ्यांची वाट बघितली. तिसऱ्या वेळी आईने ताम्हण मागे, खिडकीपाशी नेलं आणि तिथूनच, हात लांब करून, दोघांना एकदमच ओवाळलं. काकू दूध प्यायला आल्या होत्या. दारात थबकून त्यांनी विचारलं, "काय हो, अजून आवरायचंय का तुमचं?"

तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं. बायकोने पातेलं उतरवलं, मी फडकं आणायला उठलो, ठकी माझ्या पाटावर जाऊन बसली.