अहिराणी शब्दसंग्रह : माजघरातला डेटाबेस मुंबईच्या सर्व्हरला जोडताना

मागच्या नोंदीपर्यंत माझा अहिराणी शब्दसंग्रह घरापुरताच होता. अमळनेरच्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि पोस्टग्रेस १५ हे डेटाबेस सॉफ्टवेअर चालते, आणि त्यात शब्द, त्यांचे अर्थ, शब्द ज्या गावात ऐकला त्याचे नाव आणि बोलणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे साठवलेली आहेत. जँगो या पायथनच्या चौकटीत लिहिलेले वेब ॲप मात्र आता मुंबईतल्या डेटा सेंटरमधील एका लहानशा क्लाउड सर्व्हरवर नेले आहे, म्हणजे धुळे, शिरपूर, साक्री अशा कुठल्याही ठिकाणाहून कोणालाही शब्द शोधता यावा. ॲप तिकडे आणि डेटाबेस इकडे, अशी ही मांडणी गेले दोन महिने जमवतो आहे.

डेटाबेसही मुंबईलाच का नेला नाही, हे अनेकांनी विचारले. पारोळा तालुक्यातल्या एका आजींनी तीन दुपारी बसून मला जात्यावरच्या आणि शेतीतल्या शब्दांची ध्वनिमुद्रणे करू दिली, तेव्हा त्यांची एकच अट होती : "मन्हा आवाज तुन्हा घरमाच ऱ्हाऊ दे, भाऊ." इतर काही जणांनीही असेच सांगितले. शब्द सर्वांचे आहेत, आवाज ज्याचा त्याचा आहे, म्हणून मूळ डेटाबेस घराबाहेर जाणार नाही हे मी सुरुवातीलाच पक्के केले आणि पुढचे सगळे निर्णय त्याला धरून घेतले.

पहिला प्रयत्न राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करण्याचा, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरने थेट घरच्या यंत्राकडे वळवण्याचा होता, आणि तो एका संध्याकाळीच निकालात निघाला. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसत होता, तर बाहेरच्या जगाला माझा पत्ता वेगळाच दिसत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट पुरवठादारांच्या सामाईक नॅटसाठी राखून ठेवले गेले. आपल्या राउटरला असा पत्ता मिळाला असेल, तर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आपल्यासारखी अनेक घरे बसलेली असतात आणि बाहेरून आलेली हाक आपल्या दारापर्यंत पोहोचतच नाही. पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो. पण तो मिळाला असता तरी पोस्टग्रेसचे ५४३२ हे पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवण्यास माझे मन तयार नव्हते. क्लाउड सर्व्हर सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्या लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे शेकडो प्रयत्न दिसले होते, आणि त्या रांगेसमोर आजींचा आवाज ठेवायचा नव्हता.

म्हणून दिशाच उलटी केली. बाहेरच्याने घराला हाक मारायची नाही. घराने बाहेर हाक मारायची आणि ती वाट उघडी ठेवायची. त्यासाठी वायरगार्ड निवडले; ते दोन यंत्रांमध्ये इंटरनेटवरून एक कूटबद्ध खासगी वाट, म्हणजे टनेल, तयार करते. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच आहे, आणि ओळख न पटलेल्या पॅकेटला ते काहीच उत्तर देत नाही, ही गोष्ट मला विशेष भावते. क्लाउड सर्व्हरवर यूडीपीचे ५१८२० हे पोर्ट उघडले, दोन्ही बाजूंना किल्ल्यांच्या जोड्या तयार केल्या आणि घरच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह', म्हणजे वाट जागी ठेवणारे रिकामे पॅकेट पाठवण्याचे अंतर, २५ सेकंदांवर ठेवले. ही शेवटची ओळ विसरू नये. घराकडून काही वेळ काहीच गेले नाही, तर पुरवठादाराच्या नॅटमधली नोंद पुसली जाते आणि मुंबईकडून आलेली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) वाटेतच हरवते. घरच्या फायरवॉलमध्ये टनेलवरून फक्त १०.२०.०.१ या क्लाउड सर्व्हरच्या एका पत्त्याला आणि फक्त डेटाबेसच्या पोर्टला परवानगी आहे, त्यामुळे उद्या क्लाउड सर्व्हर कोणाच्या हाती लागला तरी त्याला माझ्या घरातले दुसरे काहीच दिसणार नाही.

डेटाबेसच्या आतही एक उंबरठा घातला. वेब ॲपसाठी वेगळी भूमिका, म्हणजे डेटाबेसमधले वेगळे खाते, तयार केली आणि तिला मूळ तक्त्यांवर कोणताच हक्क न देता केवळ व्ह्यूंवर, म्हणजे तक्त्यांतले निवडक रकाने दाखवणाऱ्या झरोक्यांवर, वाचनाचा हक्क दिला. त्या व्ह्यूंमध्ये शब्द, अर्थ आणि गाव आहे. बोलणाऱ्याचे नाव आणि ध्वनिमुद्रण नाही. ॲपमध्ये चूक राहिली, तरी जे व्ह्यूंमध्ये नाही ते त्याला मागता येत नाही.

जोडणी झाली, आणि पहिला शोध मी 'डोया' या शब्दाचा घेतला. प्रमाण मराठीतला 'ळ' अहिराणीत 'य' होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, आणि ही जोडी शोधात नीट सापडते का हे मला पाहायचे होते. शब्द तत्काळ आला. मात्र सगळ्या शब्दांची यादी उघडली की पान कोरेच राहायचे. लहान उत्तर येते, मोठे अडकते, हे एमटीयूच्या, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या, दुखण्याचे लक्षण आहे. टनेलमधून वेगवेगळ्या आकाराचे पिंग पाठवून पाहिले, तेव्हा १३०० बाइटचे जात होते आणि १४०० चे वाटेत गळत होते. दोन्ही टोकांना वायरगार्डचा एमटीयू नेहमीच्या १४२० वरून १२८० वर आणला आणि यादी आली.

यादी आली खरी, पण पाने उघडायला अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागत होता. या टप्प्यावर मी सर्वांत जास्त शिकलो. घरातच ॲप चालत असताना डेटाबेसकडे जाऊन परत यायला एक मिलिसेकंदही लागत नव्हता. आता एका फेरीला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईपर्यंत साडेतीनशे किलोमीटर जाऊन येण्याला निदान साडेतीन मिलिसेकंद हवेतच. बाकीचा वेळ वळसे, मधली यंत्रे आणि घरची लाइन घेते, आणि त्यावर माझा काहीच ताबा नाही. माझ्या हाती फक्त फेऱ्यांची संख्या आहे. क्वेरींचा लॉग चालू करून पाहिले, तर पन्नास शब्दांच्या एका पानासाठी १०१ क्वेरी जात होत्या : एक शब्दांसाठी, पन्नास प्रत्येक शब्दाच्या गावासाठी आणि पन्नास अर्थांसाठी. १०१ गुणिले २४, म्हणजे सुमारे २४०० मिलिसेकंद. हिशोब तंतोतंत जुळला. गावासाठी 'सिलेक्ट रिलेटेड' आणि अर्थांसाठी 'प्रीफेच रिलेटेड' (संबंधित माहिती एकत्रच आणण्याच्या जँगोच्या सोयी) लिहिल्यावर क्वेरी दोनच उरल्या. घरात असताना वर्षभर हीच चूक माझ्या कोडमध्ये होती आणि मला तिची चाहूलही लागली नव्हती.

दुसरी गळती जोडणीचीच होती. जँगो मुळात प्रत्येक विनंतीला नवी जोडणी उघडते आणि बंद करते. टीसीपीची जोडणी, मग टीएलएसचे कूटबद्धीकरण, मग पासवर्डची पडताळणी, असे करत पहिली क्वेरी जाण्याआधीच सहा-सात फेऱ्या होतात, म्हणजे जवळपास दीडशे मिलिसेकंद. जोडणीचे आयुष्य १० मिनिटे ठेवले आणि वापरण्याआधी ती जिवंत आहे का हे तपासण्याची सोयही चालू केली. आता यादीचे पान साधारण शंभर मिलिसेकंदांत येते.

एवढे झाल्यावर काम संपले असे वाटले होते. पण उन्हाळा सुरू झाला आणि दिवे जाऊ लागले. राउटर इन्व्हर्टरवर आहे, डेस्कटॉप मात्र जुन्या यूपीएसवर जेमतेम वीस मिनिटे तग धरतो. एका रात्री वीज गेली आणि पहाटे आली. पोस्टग्रेसने आपला व्यवहारांचा लॉग वाचून स्वतःला सावरले, एकही शब्द गेला नाही, घरी बसून क्वेरी केली तर उत्तर येत होते, टनेलही चालू होते, आणि तरीही ॲपला जोडणी मिळत नव्हती. दोन तास मी फायरवॉलच्याच मागे लागलो होतो. शेवटी पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये सुरुवातीलाच एक इशारा सापडला : १०.२०.०.२ या पत्त्यावर ऐकता आले नाही. यंत्र सुरू होताना पोस्टग्रेस वायरगार्डच्या आधी उठले होते, टनेलचा पत्ता तेव्हा अस्तित्वातच नव्हता, म्हणून ते फक्त घरच्या पत्त्यावर ऐकत बसले. एक जरी पत्ता मिळाला तरी ते सुरू होते, केवळ इशारा नोंदवते. यंत्र सुरू होताना सेवा उठवणाऱ्या सिस्टमडीमध्ये पोस्टग्रेसने वायरगार्डनंतरच उठावे अशी ओळ घातली आणि तीन वेळा मुद्दाम प्लग काढून खात्री करून घेतली.

वीज जाते त्या क्षणी काय होते, हेही पाहावे लागले. क्वेरी पाठवून झाली आणि समोरचे यंत्र अचानक गप्प झाले, तर लिनक्स ती पुन्हा पुन्हा पाठवत सुमारे १५ मिनिटे वाट पाहते, आणि तोवर ॲपचा तो वर्कर, म्हणजे विनंत्या हाताळणारी प्रक्रिया, अडकून राहतो. माझ्याकडे वर्कर तीनच आहेत, म्हणजे तीन वाचक अडकले की ॲप सगळ्यांसाठी बंद. टीसीपीचा कीपअलाइव्ह कमी केल्याने हे सुटत नाही, कारण पाठवलेल्या डेटाची पोच बाकी असते. त्यासाठी 'टीसीपी यूजर टाइमआउट', म्हणजे पोच न आल्यास जोडणी सोडून देण्याची मुदत, ठरवावा लागतो. तो १० सेकंद आणि नवी जोडणी उघडण्याची मर्यादा ५ सेकंद ठेवली आहे.

सध्या रोज रात्री घरचे यंत्र त्या व्ह्यूंची एक प्रत टनेलवरून मुंबईला पाठवते, आणि घर गप्प असेल तेव्हा ॲप तीच प्रत दाखवून वर तारीख लिहिते. वाचकांनी सुचवलेले शब्द मुंबईतल्या एका एसक्यूलाइट फाइलमध्ये साठतात आणि घर सवडीने ते ओढून घेते, त्यामुळे वेब ॲपला घरात लिहिण्याचा हक्क द्यावाच लागला नाही. आता मोबाइल डेटाची दुसरी लाइन जोडून फायबर तुटल्यावर टनेल किती वेळात सावरते हे मोजायचे आहे. डोंगल मागवला आहे, आणि पहिली चाचणी येत्या रविवारी घेईन.