त्या खरोखर मोठ्या होत्या का?

तुम्ही विचारलेत म्हणून, आणि इतक्या वेळा विचारलेत म्हणून, एकदा सविस्तर लिहिते. एकोणिसाव्या शतकातील डच चित्रकर्त्रींवर मी व्याख्याने देते, त्यांची चित्रे पडद्यावर दाखवते, आणि शेवटी जो प्रश्न येतो तो कधी सौम्य असतो, कधी खवचट, पण असतो एकच : या बायका खरोखर मोठ्या चित्रकार होत्या, की बायका आहेत म्हणून तुम्ही त्यांना मोठे करता? रेम्ब्राँ आणि व्हॅन गॉग यांच्या देशाविषयी बोलायला उभी राहिलेली बाई त्या दोघांना सोडून भलत्यांचीच नावे घेते, याचा थोडा राग त्या प्रश्नात असतो, आणि तो मला कळतो.

पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे. त्यांना शिकू दिले नाही, नग्न मॉडेलसमोर बसू दिले नाही, मग मोठे होणार कसे? हे उत्तर खोटे नाही. स्यूज रॉबर्टसन रॉटरडॅममध्ये मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत होती आणि संध्याकाळच्या वर्गात नग्न मॉडेलवरून रेखाटने करू लागली, तेव्हा वर्तमानपत्रांतून ओरड झाली होती. परंतु जी मी हे उत्तर तावातावाने देत असे, तिच्याशी आता माझेच पटत नाही, कारण त्यात या बायका केवळ अडवल्या गेलेल्या म्हणून उरतात आणि त्यांनी प्रत्यक्ष काय रंगवले याकडे बघण्याची गरजच राहत नाही. शिवाय दारे सगळी बंद नव्हती. ॲमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीत, म्हणजे तिथल्या सरकारी कलाशाळेत, १८७० नंतर मुली शिकू लागल्या होत्या, वेगळ्या वर्गात का होईना.

तेरेझ श्वार्त्झेचेच बघा. वडिलांनी तिला चित्रकार म्हणूनच वाढवले, १८७४ साली ते गेले आणि घर तिच्या कुंचल्यावर चालू लागले. म्युनिक, पॅरिस, मग ॲमस्टरडॅममधली प्रतिष्ठितांची रीघ, राजघराण्याची कामे, आणि फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयाच्या आत्मचित्रांमध्ये तिचे १८८८ सालचे आत्मचित्र, ज्यात ती कपाळाशी हात धरून, डोळ्यांवर सावली घेऊन आपल्याकडे रोखून बघते. ही ढब तिने अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार रेनल्ड्झ याच्या आत्मचित्रावरून उचलली होती आणि ती ओळखली जावी अशीच तिची इच्छा असणार. हिला कोणी अडवले, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? तिला खाली ओढले ते पुढच्या काळाने, आणि तेही तिच्या यशावर बोट ठेवून : श्रीमंतांची खुशामत करणारी, रेशीम चमकवणारी. तिच्या काही रेशमी झग्यांसमोर मलाही कंटाळा येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ॲमस्टरडॅमच्या अनाथालयातील तीन मुलींचे तिचे १८८५ सालचे चित्र, तो अर्धा लाल अर्धा काळा गणवेश आणि पांढऱ्या टोप्या, ते बघून कोणी खुशामत हा शब्द काढला तर मी भांडते.

आता तो प्रसंग, ज्यामुळे हे लिहायला बसले. एका शहरातील व्याख्यानानंतर एक वयस्कर गृहस्थ उठले. आयुष्यभर चित्रकला शिकवलेले, सगळे त्यांना सर म्हणत होते. ते म्हणाले, ''बाई, तुम्ही आधी नाव सांगता, मग हालअपेष्टा सांगता आणि मग चित्र दाखवता. आम्ही चित्र बघायच्या आधीच विरघळलेले असतो. पुढच्या वेळी नावे झाकून दाखवा.'' मला ते लागले, पण मागणी न्याय्य होती. पुढच्या वर्षी त्याच सभागृहात मी नावे, साले, सगळे काढून टाकले आणि स्त्रीपुरुषांची चित्रे एकमेकांत मिसळून लावली. त्याच काळातला नावाजलेला डच चित्रकार ब्राइटनर याची दोन होती, रॉबर्टसनची तीन. सर पहिल्या रांगेत होते. फुलांची चित्रे आली तेव्हा त्यांनी पाण्याची बाटली उघडली. श्वार्त्झेच्या एका व्यक्तिचित्रावर ते म्हणाले, ''हात तयार आहे, पण गिऱ्हाइकाला भिऊन काढलंय.'' मग रॉबर्टसनची एक काम करणारी बाई पडद्यावर आली, रंगाचे जाड थर, जवळजवळ सगळा अंधार, आणि त्यातून निघालेला तो बोजड खांदा. सर उठून पडद्याजवळ गेले. पाठमोरे उभे राहून त्यांनी त्या खांद्याविषयी जे सांगितले ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही : रंग इथे आकृतीवर चढवलेला नाही, आकृती रंगातून खणून काढली आहे, आणि या माणसाला कुणाला खूश करायची गरज वाटत नाही. या माणसाला, असेच ते म्हणाले. मी नाव सांगितले. सभागृह शांत झाले. सर वळले, हसले, आणि म्हणाले, ''मग ही अपवाद आहे.''

लोक हसले. मीही हसले. परतीच्या गाडीत मात्र मला इतका संताप आला की शेजारच्या बाईंनी पाणी विचारले. रॉबर्टसनच्या हयातीत तिच्या चित्रांना पुरुषी म्हणत, आणि ते कौतुक समजले जाई. एवढ्या वर्षांनी, तिच्या देशापासून इतक्या दूर, तोच शिक्का तिच्यावर पुन्हा बसला होता. जी जमली ती अपवाद, जी जमली नाही ती बाई, असा हिशेब असेल तर कितीही चित्रे दाखवली तरी नियमाला ओरखडा उठणार नाही. हे सगळे खरे आहे, आणि तरीही त्या संध्याकाळी रॉबर्टसनकडे सर्वांत नीट कोणी बघितले असेल तर सरांनी. माझ्या बाजूने बोलणाऱ्या श्रोत्यांपैकी एकानेही त्या खांद्याविषयी अवाक्षर काढले नाही. त्यांनी नंतर मला विचारले ते हे, की तिने आपली मुलगी काही काळ दुसऱ्या कुटुंबात वाढू दिली हे खरे का. खरे आहे. ती मुलगी, सारा बिशॉप, पुढे स्वतः चित्रकार झाली. याहून अधिक या प्रश्नावर मी बोलत नाही.

मोठेपण कुठेतरी एकदा नि:पक्षपणे मोजले गेले आहे, हे तुमच्या प्रश्नात गृहीत असते. ते कसे मोजले जाते याचा नमुना याच पिढीसमोर घडला. सतराव्या शतकातील थोर डच चित्रकार फ्रान्स हाल्सचे म्हणून विकलेल्या चित्रावर चांदणीचे चिन्ह जोडलेली आद्याक्षरे सापडली, पैशांवरून कोर्टकचेरी झाली, आणि १८९३ साली हॉफस्टेडे दे ग्रूट या अभ्यासकाने लिहिले की हे काम युडिथ लेस्टरचे आहे, जी १६३३ साली हार्लेमच्या चित्रकार संघात दाखल झालेली असूनही दोन शतके कुणाच्या खिजगणतीत नव्हती. चित्र तेच, पण ते हाल्सचे नाही म्हणताच वाद झाला तो पैसे परत मिळण्याचा. व्हॅन गॉगचे उदाहरण तर तुम्हीच देता, पण त्याच्यामागे त्याची भावजय योहाना बोंगर होती, जिने वर्षानुवर्षे त्याची चित्रे प्रदर्शनांत पाठवली, जपून विकली आणि १९१४ साली त्याची पत्रे छापली. कीर्तीलाही राबणारे हात लागतात. सिन्त्ये मेस्दाख-फान हाउटनच्या बाबतीत ते हात तिचेच होते, आणि राबले नवऱ्याच्या नावासाठी. १८७१ साली एकुलता मुलगा गेल्यावर ती गंभीरपणे चित्रे काढू लागली, आणि दहा वर्षांनी हेगमध्ये उभ्या राहिलेल्या १२० मीटर घेराच्या समुद्रदृश्यात स्खेव्हेनिंगन गाव तिने रंगवले. त्या इमारतीला आजही पॅनोरामा मेस्दाख म्हणतात, आणि मेस्दाख म्हटले की तिचा चित्रकार नवरा हेंड्रिक विलेमच डोळ्यांसमोर येतो.

तर उत्तर. रॉबर्टसनसाठी होय, कोणत्याही अटीविना. श्वार्त्झेसाठी आठवड्यातून चार दिवस होय. हेन्रिएट रॉनर-क्निपच्या मांजरांच्या चित्रांनी तिला नाव, पैसा आणि बेल्जियमच्या राजाचे सन्मानचिन्ह मिळवून दिले, पण माझ्याकडून तिला होकार मिळत नाही, आणि हे मी बाई म्हणून बोलते की नाही ते तुम्हीच ठरवा. राहिली फुले. मार्गारेता रोझेनबोम, खेरार्डिना फान दे सांडे बाखाउझन, ज्यांच्या चित्रांना त्या काळी चांगले गिऱ्हाईक होते आणि ज्यांच्यासमोर सरांनी बाटली उघडली. त्यांच्याविषयी माझे मत होत नाही. फूल हा विषयच हलका मानायला मी कुठे शिकले, आणि तो शिकवणारा चुकीचाच होता असे खात्रीने म्हणता येईल का, इथे मी अडकते. त्या शहरातून पुन्हा बोलावणे आले आहे. या वेळी फक्त फुलांची चित्रे नेणार आहे, नावे झाकून, आणि सरांना पहिल्या रांगेत जागा ठेवायला सांगितली आहे.