आमची वाटचाल: एका बिघडलेल्या मुंढ्यापासून

आमच्या ड्रेस शिवायच्या कामाची सुरुवात एका बिघडलेल्या मुंढ्यापासून झाली. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ती काखेची गोलाई. तेव्हा माझ्याकडे पायाचं मशीन, एक बरी कात्री आणि एक विकतचा कागदी पॅटर्न एवढंच होतं. मला स्वतःसाठी अस्तर लावलेला, मागे चेन असलेला, अंगाबरोबर बसणारा ड्रेस शिवायचा होता. छातीचं माप घेतलं, पाकिटावरचा तक्ता बघितला, त्या साइजचं बेतलं आणि सरळ चांगल्या कापडावर कात्री चालवली. घालून बघते तर खांदे दंडावर उतरलेले, गळा पुढून फुगलेला आणि हात वर केला की अख्खा ड्रेस वर यायचा. मला वाटलं मुंढा घट्ट होतोय म्हणून मी तो अजून अर्धा इंच खोल कापला, आणि मग तर ड्रेस आणखीनच वर चढायला लागला.

हे का झालं ते कळायला मला बरेच महिने लागले. मुंढा काखेच्या जितका जवळ, तितका हात मोकळा हलतो. तो खाली नेला की बाही थेट कडेच्या शिवणीला जाऊन धरते, मग हात उचलला की शिवण ओढली जाते आणि शिवणीबरोबर सगळा ड्रेस. म्हणजे मी नेमकं उलटं केलं होतं. मुळात घोळ मापातच होता. मोठ्या कंपन्यांचे बहुतेक पॅटर्न छातीचं पूर्ण माप आणि काखेतून छातीच्या वरच्या बाजूने घेतलेलं माप यात साधारण २ इंचांचा फरक धरून काढलेले असतात, माझ्या अंगात तो ४ इंच आहे. पूर्ण छातीवरून साइज निवडली की खांदा, गळा, मुंढा सगळंच मोठं येणार. साइज वरच्या मापावरून घ्यायची आणि छातीपुरता कागद कापून, पसरून तिथेच जागा वाढवायची, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर तो ड्रेस वाचला असता.

त्यानंतर मी मांजरपाट आणला. आधी मांजरपाटात शिवायचं, मोठ्या टाक्याने, म्हणजे उसवायला त्रास नाही, अंगावर चढवायचं, टाचण्या लावायच्या, खडूने खुणा करायच्या आणि मग त्या खुणा कागदावर घ्यायच्या. तिसऱ्या मांजरपाटाला पहिल्यांदा माझ्या अंगावर नीट बसलेलं काहीतरी मला आरशात दिसलं. तो ड्रेस बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, मग त्यांच्या मुलीने, मग तिच्या ऑफिसमधल्या मैत्रिणींनी. माझी जाऊ हातशिलाईत तयार, तिला बोलावलं. दोघींनी घरातल्या जेवायच्या टेबलावर बेतायला सुरुवात केली आणि फर्मचं नाव वगैरे सगळं नंतर आलं.

मधे एक मोठी चूक केली, ती सांगायलाच हवी. काम वाढलं तसं वाटलं की दर वेळी ट्रायल कशाला, चार साइज ठरवू, तयार माल ठेवू, ज्याला जी बसेल ती. पहिला लॉट निघाला आणि हळूहळू परत यायला लागला. एकीच्या पाठीवर कमरेच्या वर आडवी घडी पडायची, दुसरीला हिपवर ओढायचं, तिसरीचा गळा उघडा राहायचा आणि छातीचं माप मात्र तिघींचं एकच. जाऊ एक ड्रेस हातात घेऊन म्हणाली, "ताई, माप बरोबर आहे गं, आकार नाहीये." तयार साइज आम्ही तिथेच बंद केल्या.

मग सुरकुत्या वाचायला शिकलो, आणि माझ्या मते फिटिंगमधलं खरं शिक्षण तेच. ताणलेली सुरकुती जिकडे धावते तिकडे कापड कमी पडतंय, सैल लोंबणारी घडी असेल तर तिथे कापड जास्त आहे. पाठीवरची ती आडवी घडी टाचणीने उचलायची, जेवढी उचलली तेवढीच कागदावर मधोमध मिटवायची आणि कडेच्या शिवणीपर्यंत नेऊन शून्यावर संपवायची. टक्सचं, म्हणजे आकार देण्यासाठी कापड चिमटून घातलेल्या निमुळत्या शिवणीचं, टोक छातीच्या उंचवट्याच्या साधारण एक इंच अलीकडे थांबवायचं, टोकाला मशीन मागेपुढे न करता दोरे सोडून गाठ मारायची, नाहीतर तिथे फुगवटा येतो. आणि कडेच्या दोन्ही शिवणी पाव-पाव इंच आत घेतल्या तर घेर पाव नाही, पुरा १ इंच कमी होतो, कारण प्रत्येक शिवणीत दोन पदर असतात. घरी शिवणारे बरेच जण इथेच फसतात आणि मग ड्रेस अंगात शिरत नाही.

आता आम्ही पाच जणी आहोत. कडेला आणि पाठीच्या मध्यावर १ इंच माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, ठेवतो, कारण अंग बदलतं आणि ड्रेस पुढे वाढवता आला पाहिजे. गळ्याला मात्र तेवढी माया चालत नाही, गोलाई वळत नाही, तिथे पाव इंचच. कापड आधी धुऊन, प्रत्येक शिवण लगेच इस्त्री करून पुढे जायचं, टक्स भुसा भरलेल्या कडक उशीवर दाबायचे, यात कोणालाच सूट नाही, मलाही नाही.

मध्यंतरी एक ताई आल्या, उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. आतापर्यंत त्यांना सगळीकडे पॅड लावून मिळालं होतं आणि त्यांना ते पॅड अजिबात आवडत नव्हतं. आम्ही त्यांच्या मांजरपाटाची उजवीकडची खांद्याची शिवण उसवली, कापड जसं पडतंय तसं पडू दिलं आणि तिथल्या तिथे टाचलं. मुंढाही तेवढाच खाली घेतला, नाहीतर काखेत रुतला असता. उजवी आणि डावी बाजू वेगवेगळ्या कागदावर काढली. पॅड न लावता ड्रेस सरळ उभा राहिला, त्या आरशासमोर कितीतरी वेळ खांद्यावरून हात फिरवत होत्या आणि आम्ही कोणी काही बोललो नाही.

त्यांचा मांजरपाट आता बाकीच्यांसारखाच घडी घालून, चिठ्ठी लावून कपाटात आहे. पुढच्या वेळी आल्या की आधी तो अंगावर चढवू, मगच नवीन कापड उघडू. माझा तो पहिला ड्रेस पण त्याच कपाटात टांगलाय. नवीन मुलगी कामाला आली की पहिल्या दिवशी तिला तो घालायला देते आणि हात वर करायला सांगते.