तुम्ही विचारलंत म्हणून: काळ्या-पांढऱ्या स्क्रीनप्रिंटमध्ये चित्रकाराचा हात कुठे असतो?

ख्रिस्तोफर वूल या अमेरिकन चित्रकाराची काळी-पांढरी सिल्कस्क्रीन (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापलेली) चित्रं पाहिली की हमखास विचारलं जातं, "हा तर मोठा केलेला झेरॉक्स. यात त्यानं केलं काय?" लग्नपत्रिका छापणारा कारागीर हे विचारणार नाही. एवढा काळा भाग सलग बसवला कसा, हे तो आधी बघेल.

1998 पासून वूल स्वतःच्याच पूर्ण झालेल्या चित्राचा स्क्रीन (छपाईची जाळी) करून तो नव्या कॅनव्हासवर छापू लागला. स्क्रीनला करडा रंग कळत नाही. शाई उतरते किंवा उतरत नाही. म्हणून करड्याचे लहानमोठे ठिपके पाडायचे, म्हणजेच हाफटोन. इंचाला ठिपक्यांच्या 45 ओळींचा हाफटोन असेल तर जाळी चार-पाच पट, म्हणजे इंचाला दोनशेच्या आसपास धाग्यांची लागते. त्याहून जाड घेतली तर बारीक ठिपके धाग्यांवर टिकतच नाहीत. पण बारीक जाळीतून शाईचा थर पातळ पडतो आणि मोठा काळा भाग फिका, धुरकट दिसतो. खरी ओढाताण इथे आहे. भिंतभर चित्राला सोपी वाट म्हणजे ठिपकेच मोठे पाडायचे आणि इंचाला 110 धाग्यांची जाळी वापरायची. ठिपक्यांच्या ओळी धाग्यांना समांतर आल्या की लहरी उमटतात, म्हणून त्या साधारण 22.5 अंशांत फिरवतात.

पुढचं सगळं स्क्वीजीवर, म्हणजे जाळीवरून शाई ओढायच्या रबरी पट्टीवर. जाळी कागदापासून 2-3 मिमी वर हवी. कमी असेल तर ती ओल्या शाईला चिकटते आणि कडा फुटतात. जास्त असेल तर आकृती ताणली जाते. ओढताना हात अडखळला की तिथे आडवी रेघ. रंगीत छपाईत ती पुढच्या रंगाखाली जाते, इथे झाकायला दुसरा रंगच नाही. पाण्यातली शाई जाळीतच सुकते, म्हणून प्रत्येक ओढीनंतर जाळी शाईनं भरून ठेवायची. आपल्याकडे पावसाळ्यात वेगळंच दुखणं: इमल्शन (जाळीवरचा प्रकाशानं कडक होणारा लेप) आत दमट राहतं आणि एक्सपोजरनंतर, म्हणजे प्रकाश दिल्यावर, धुताना सोलून निघतं.

ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीच्या 1965 च्या पर्स्पेक्सवरच्या (पारदर्शक ॲक्रिलिक पत्र्यावरच्या) सात स्क्रीनप्रिंटमध्ये यातली एकही चूक चालणार नाही. तिथे कड जराशी हलली तरी डोळ्यांना होणारा खेळ मोडतो.

वूल नेमका उलटा. मोठी प्रतिमा तो अनेक स्क्रीनमध्ये तोडतो आणि न जुळलेले सांधे तसेच ठेवतो. छापखान्यात अशी प्रत रद्दीत जाते. कुठली चूक ठेवायची हे तो ठरवतो, आणि माझ्या मते त्याचा हात शोधायचा तर तिथे. काही चित्रांत छापलेल्यावर पुन्हा हातानं रंगही येतो, मग छापलेलं कुठलं नि रंगवलेलं कुठलं, हे जवळ जाऊनच कळतं: ठिपके दिसले तर स्क्रीन, ओघळ सलग काळा असेल तर बहुधा रंग. मात्र सपाट काळा स्क्रीनमधूनही सलगच उतरतो, तेव्हा कडेची बारीक दातेरी रेघ बघा. ती जाळीच्या धाग्यांची असते.