लेकीकडे इंग्लंडला जाताय? आधी १११ लिहून घ्या

परवा सकाळी फिरायला गेलो तर आमच्या कॉलनीतले एक भाऊ भेटले, मुलाकडे इंग्लंडला चाललेत सहा महिन्यांसाठी, आणि प्रश्न काय तर थंडी किती असते. म्हटलं भाऊ थंडीचं सोडा, स्वेटर तिथं मिळतात, आजारी पडलो तर काय करायचं ते विचारा. तर म्हणे त्यात काय, तिथं दवाखाना फुकट असतो ना. मी पण हेच समजून गेलो होतो. भुसावळचा रेल्वे पेन्शनर माणूस मी, जन्मभर रेल्वेच्या दवाखान्यात कार्ड दाखवलं की झालं काम, त्यामुळे सरकारी दवाखाना म्हणजे फुकट हे डोक्यात फिट्ट बसलेलं.

आमची लेक बर्मिंगहॅमजवळ राहते. ऑक्टोबरात आम्ही दोघं गेलो, पंधरा दिवस झाले नसतील तर ही फुटपाथवर ओल्या पानांवरून घसरली. "माय वं!" म्हणून खाली बसली ती उठेचना, मनगट सुजून टम्म. मी म्हटलं गाडी काढा, मोठ्या हॉस्पिटलात न्या. लेक म्हणे पप्पा थांबा, आधी १११ ला फोन करू. आपल्याकडे कसं १०८ लावलं की ॲम्ब्युलन्स येते, तसं तिथं जिवावरचं असेल तर ९९९, नाहीतर ११२ लावला तरी चालतो. पण जिवावरचं नसेल तर १११, चोवीस तास चालू असतो. फोनवरची बाई काहीबाही विचारतच होती, बोटं हलतात का, मुंग्या येतात का, डोक्याला लागलं का, चक्कर येते का. हिचा पारा चढला, "हात मोडला माझा अन ही डोक्याचं काय विचारते!" पण तो त्यांचा नियमच आहे, सगळं विचारून मग सांगतात कुठं जायचं. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागता येतो, फक्त आपली भाषा कोणती ते सांगायचं.

आम्हाला अर्जंट ट्रीटमेंट सेंटरला पाठवलं. चार तास बसलो. आमच्या मागून आलेले आत गेले तेव्हा मी उठून काउंटरवर चाललो होतो विचारायला की आमचा नंबर कधी, लेकीने बाही धरून बसवलं, म्हणे इथं नंबराने नाही, ज्याला जास्त लागलंय तो आधी. एक्सरे काढला, बारीक क्रॅक निघाली, पट्टा बांधला आणि घरी जा म्हणाले. पैसे कुणी मागितलेच नाहीत. मी जावयाला म्हटलं बघा, फुकटच आहे की.

पुढच्या आठवड्यात फ्रॅक्चर क्लिनिकची अपॉइंटमेंट होती, तिथं काउंटरवरच पहिला प्रश्न, तुम्ही इथे कायमचे राहता का. नाही म्हटल्यावर फॉर्म आला आणि मागाहून बिल आलं. तर नियम असा आहे: इमर्जन्सीचा भाग, म्हणजे ए अँड ई (मोठ्या हॉस्पिटलातला अपघात-इमर्जन्सी विभाग) किंवा असलं अर्जंट सेंटर, तो आपल्यासारख्या व्हिजिटर व्हिसावाल्यालाही फुकट, पण ॲडमिट केलं किंवा पुढची ओपीडी दिली की तिथून मीटर चालू. आणि मीटर साधं नाही, त्यांच्या ठरलेल्या दराच्या १५० टक्के. जे लोक सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर जातात ते आरोग्याचा सरचार्ज आधीच भरतात म्हणून त्यांना लागत नाही, आपण तो भरलेला नसतो. ५०० पाउंड किंवा जास्तीचं बिल दोन महिन्यांच्या वर थकलं तर ते होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या त्यांच्या गृहखात्याला कळवतात, मग पुढचा व्हिसा अडकू शकतो. म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, आणि बीपी शुगर असेल तर फॉर्मवर लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच उकरून काढतात. आमच्या इन्शुरन्सवाल्यांनी पैसे दिले पण एकच कागद तीनदा मागवला, तिसऱ्यांदा मी इतका वैतागलो की आमच्या झोनल ऑफिसची आठवण आली.

आता जीपी. म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर. याला दाखवणं मात्र व्हिजिटरलाही फुकट आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तीन महिन्यांच्या आत राहणार असाल तर टेम्पररी नाव घालतात. आमच्या वेळी रिसेप्शनवरची मुलगी पत्त्याचा पुरावा नाही म्हणून परत पाठवत होती, जावयाने शांतपणे सांगितलं की पुरावा नाही म्हणून नाव नाकारता येत नाही असा तुमचाच नियम आहे, ती आत जाऊन विचारून आली आणि मुकाट्याने फॉर्म दिला. माझ्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि तिथं आपल्यासारखं मेडिकलवर जाऊन रिकामी स्ट्रिप दाखवली की गोळ्या मिळत नाहीत, चिठ्ठी लागतेच. चिठ्ठीवर एका औषधाला ९.९० पाउंड पडतात, पण इंग्लंडमध्ये ६० च्या वरच्यांना माफ. तरी माझं ऐका, पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि डॉक्टरची इंग्रजीतली चिठ्ठी इथूनच न्या. आणि दात इथेच दाखवून जा.

१०१ लक्षात ठेवा, आपल्याकडे तो फायर ब्रिगेडचा, तिथं पोलिसांचा, पण साध्या कामासाठी, पाकीट हरवलं वगैरे. आग लागली तर ९९९ च.

बसमध्ये म्हाताऱ्यांना फुकट पास असतो म्हणून मी खूश झालो होतो, लालपरीच्या हाफ तिकिटाची सवय ना, पण तो तिथल्या रहिवाशांनाच. लंडनच्या बसमध्ये तर २०१४ पासून रोख पैसेच घेत नाहीत, कार्ड टेकवायचं. पण रेल्वेचं सिनिअर रेलकार्ड आहे, ६० च्या वर कुणालाही मिळतं, स्टेशनच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवला की काढून देतात, तिकिटावर एक तृतीयांश सूट. लंडनच्या बाजूला सकाळच्या गर्दीच्या वेळी चालत नाही एवढंच. मी ते दुसऱ्याच दिवशी काढलं, पास नसलेला रेल्वेवाला म्हणजे काय शोभा.

सामानाचं राहिलंच. तूप, पेढे, खवा घरीच ठेवा, दुधाचं आणि मांसाचं काही आपल्याकडून तिकडे नेता येत नाही. भरताची वांगी नेऊ नका, त्याला सर्टिफिकेट लागतं, आणि हिने बामणोदची चार वांगी साडीत गुंडाळून ठेवली होती ती मी आदल्या रात्री बॅगेतून काढली तर दोन दिवस बोलली नाही. कळण्याचं पीठ, पापड, काळा मसाला मात्र नेला, कुणी काही म्हटलं नाही. पीठ चार किलो होतं, तीन आठवड्यांत संपलं.